घरटी एक माणूस

फोनवरच्या बाईंनी खाजणाला ‘घटनास्थळ’ म्हटलं तेव्हा धनेश सातिवलीच्या गोडाऊनमध्ये नळांच्या खोक्यांचा टेम्पो उतरवून घेत होता. “चार वाजता घटनास्थळी या, पंचनामा करायचाय,” बाई म्हणाल्या. “वडिलांनाही आणा. सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे.” आवाज तरुण होता, घाटावरचा होता आणि त्यात राग असा काहीच नव्हता, कर्ज हवंय का म्हणून भरदुपारी विचारणाऱ्या मुलींचा असतो तसा गुळगुळीत होता. मी वनरक्षक सुहासिनी, असंही त्यांनी सांगितलं. धनेश ‘हो मॅडम’ म्हणाला आणि फोन खिशात टाकून पुन्हा टेम्पोकडे बघत उभा राहिला. घटनास्थळ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे आला तो हायवेवरचा वाकलेला कठडा, रस्त्यावर सांडलेल्या काचा, कुणाची तरी एकच चप्पल. खाजण आलं नाही. ज्या चिखलात निवट्या मासे पकडताना त्याचं अर्धं लहानपण गेलं त्या जागेला असं काही नाव पडू शकतं, हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागला. आता आपल्याला भीती वाटेल, असा त्याने अंदाज केला आणि तो भीतीची वाट बघत राहिला. ती आली नाही. हमालाने विचारलं, “साहेब, हे कुठं लावू?” तर त्याने बोटाने भिंत दाखवली.

हे काही आजचं नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात, आणि मुंग्या येण्याच्या आधी थोडा वेळ असा असतो की पाय आपला नसतोच. चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा. धनेश गेली काही वर्षं त्या मधल्या वेळात राहत होता. बायकोने, जागृतीने, एकदा रागाच्या भरात विचारलं होतं, “तुम्हाला कशाने काही होतं का हो?” त्याने प्रामाणिकपणे विचार करून बघितला होता आणि उत्तर सापडलं नाही म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला होता. गोडाऊनमध्ये मात्र या स्वभावाचं कौतुक होत असे. माल फुटला, मजूर भांडले, मालक शिव्या घालून गेला, तरी धनेशचा चेहरा तसाच. मालक म्हणायचा, ह्याला म्हणतात सुपरवायझर.

घडलं होतं ते सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपणारं होतं. कामणहून खाडीकडे उतरलं की रामूची, म्हणजे धनेशच्या बापाची, दीड एकर खाजण जमीन होती. तिच्यावर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान माजलं होतं. आणि हिवाळ्यात कुणीतरी फुटलेला बांध बुजवून खाडीचं पाणी आत यायचं बंद केल्यामुळे ते रान उभ्या उभ्या वाळत चाललं होतं. तिवर तोडणं हा गुन्हा, आणि पाणी तोडून तिवर मारणं हाही गुन्हा. कुणीतरी पिवळ्या पडलेल्या झाडांचे फोटो काढून वरपर्यंत पाठवले होते. आता बाकी राहिलं होतं ते ‘कुणीतरी’ म्हणजे कोण हे ठरवणं, आणि त्यासाठी चार वाजताची वेळ दिली होती.

खाजण म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. बांध आहे तोवर भात, बांध फुटला की बोय आणि कोळंबी. बांधात एका ठिकाणी लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरती चढायला लागली की पाण्याच्याच रेट्याने बंद होते. माणसाने फक्त तिची फळी कुजू द्यायची नाही आणि तिच्या कडेचा चिखल ढासळू द्यायचा नाही. पण हे ‘फक्त’ जन्मभर पुरायचं. शेतं ज्याची त्याची असली तरी बांध कुणा एकाचा नव्हता, गावाचा होता. भात झोडून झालं की घरटी एक माणूस बांधावर यायचा. आजारी असाल तर भाऊ पाठवा, भाऊ नसेल तर बायको पाठवा, पण घराचं माणूस तिथं चिखलात उभं दिसलं पाहिजे. ज्या घरचं माणूस बांधावर दिसलं नाही त्या घरच्या लग्नाला गाव यायचं, अक्षता टाकायचं आणि न जेवता निघून जायचं. याहून मोठी शिक्षा कुणाला माहीत नव्हती, आणि याहून मोठ्या शिक्षेची कधी गरजही पडली नाही.

मग रस्त्याच्या अंगाला गोडाऊनं आली. घरटी एक माणूस गोडाऊनमध्ये लागला, कुठे दोन लागले, आणि गोडाऊनवाला बांधासाठी रजा देत नाही. काही वर्षं लोकांनी आपल्या बदल्यात मजूर पाठवले, मग मजूर पाठवणंही राहिलं, आणि लग्नं हॉलमध्ये होऊ लागल्यावर कोण जेवलं न् कोण उपाशी गेलं हे बघायचं कुणी? एकटा रामू तेवढा कुदळ खांद्यावर टाकून जात राहिला. एका माणसाने काय होतंय. आश्विनातल्या एका उधाणाला बांधाला खांड पडली, ती बुजवायला कुणी गेलं नाही आणि दर्या आत येऊन बसला. त्याच्या मागोमाग तिवर आला. तिवराला लावावं लागत नाही, राखावं लागत नाही. पाणी आपल्याबरोबर बी आणतं, ते चिखलात रुततं आणि चार पावसाळ्यांत डोक्याएवढं होतं. रामू ओट्यावर बसून नुसता म्हणायचा, “भात गेला तवाच आपन गेलो.” धनेशला तेव्हाही विशेष काही वाटलं नव्हतं. त्याला पगार सुरू झाला होता.

वाटायला लागलं ते पुढे, बाजारभाव ऐकू यायला लागल्यावर. भरतीचं पाणी जिथवर चढायचं तिथवर सरकारने नकाशावर रेघ मारली. रेघेच्या वरच्या जमिनीला गोडाऊनवाल्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. रेघेच्या खालच्या जमिनीत तिवर म्हणून ते जंगल, आणि जंगलात मालकानेसुद्धा हात लावायचा नाही. शेजारच्याची जमीन हातभर उंच होती. त्या हातभर उंचीवर त्याने तीन मजली घर बांधलं आणि दारात पांढरी गाडी आणली. रामूची जमीन हातभर खाली होती. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तिची गत झाली: पिकवता येत नाही, विकता येत नाही आणि नावावरून पुसलीही जात नाही. तरी झाडं असावीत याबद्दल धनेशची काही तक्रार नव्हती. वादळात ती गावाला आडोसा देतात, मासळी त्यांच्यात वाढते, हे त्याला पटायचं. फक्त सगळ्या गावाला लागणारा हा आडोसा आपल्याच दीड एकरात का उभा राहावा आणि त्याचं भाडं कुणीच का देऊ नये, हे त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. तो जिथे काम करायचा त्या गोडाऊनच्या दारात कुंड्यांतली झाडं होती आणि ‘हरित परिसर’ अशी पाटी होती. गोडाऊनखालची जमीन कधी काळी भाताचीच होती. त्यावर भराव कधी पडला हे कुणी विचारायला आलं नव्हतं.

टेम्पो गेला. त्याने मालकाला फोन करून अर्धा दिवस सुटी मागितली, आणि स्कूटर काढतोय तोच कल्पेशचा फोन आला. कल्पेश त्याचा चुलतभाऊ. जमिनी दाखवायच्या, माणसं जुळवायची, यावर त्याचं उत्तम चाललं होतं. गळ्यात साखळी, बोलण्यात घाई. “आला ना तुला कॉल? पोलीसपाटील बोलला मला,” तो म्हणाला. “टेन्शन नको घेऊ. तू काय बोलू नको तिकडे. काका बोलतील ते बोलू दे. ऐंशीला टेकलेला म्हातारा, त्याला कोन हात लावतंय? जमीन त्यांची, बांध त्यांचा, दुरुस्त केला. विषय कट.” धनेशने स्कूटरला किल्ली लावली. “ऐकतोस ना? फक्त माझं नाव आणि पार्टीचं नाव कुठे येता कामा नये. आणि तुझं पन नको. तुझं आलं तर नोकरी जाईल, केस वेगळी. सांगून करून घेनारा वेगळा असतो आणि करनारा वेगळा, समजलं?” “समजलं,” धनेश म्हणाला.

समजण्यासारखं त्यात नवीन काही नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर याच कल्पेशने त्याला नाक्यावरच्या हॉटेलात बसवून सगळं समजावलं होतं. कापायचं नाय, तो म्हणाला होता. कापलं की कुऱ्हाडीचा घाव दिसतो, फोटो निघतो. पानी बंद करायचं. झाड आपोआप जातं. दोन वर्षांनी नकाशावाले येतील तेव्हा तिथे तिवर नसेल, सुकी जमीन असेल, आणि सुक्या जमिनीला गिऱ्हाईक माझ्या खिशात आहे. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही. “आणि आपलाच बांध आपन दुरुस्त केला तर कोनाच्या बापाला विचारायचं?” धनेशने चहा संपवला होता. हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. स्वतःच्या हाताने बांधावर एक ढेकूळही टाकायचं नाही एवढं मात्र त्याने बशी पालथी घालताना ठरवलं होतं. मग घरी येऊन, पायातले बूट काढता काढता, ओट्यावर बसलेल्या बापाला तो सहज म्हणाला होता, “बाबा, उघाडीची फली पार गेली बोलतात.”

एवढंच. एवढ्या एका वाक्यावर रामू उभा राहिला होता. कितीतरी वर्षं जो माणूस ओटा ते मोरी आणि मोरी ते ओटा एवढंच चालत होता, त्याने दुसऱ्या दिवशी माळ्यावरून कुदळ काढली, तिच्या दांड्याला पाचर मारली, सागाची जुनी फळी शोधून काढून ती तासायला घेतली. खांड मोठी होती, पण दोन बाजूंनी गाळ साचून ती आपसूक अरुंद झाली होती. रामू पेंढ्याच्या गुंड्या करायचा, त्यावर चिखल थापायचा, पायाने मळायचा, पुन्हा पेंढा. सोबत कमळी, धनेशची आई, चहाचा थर्मास आणि भाकरी घेऊन जायची आणि तीही बसल्या जागी चिखलाचे गोळे करून द्यायची. संध्याकाळी दोघं कोपरापर्यंत राखाडी होऊन यायची. “बाबांना झालंय काय?” जागृती म्हणाली होती. “दोन भाकऱ्या जास्त खातात. काल गुणगुणत होते मोरीत.” धनेशने बापाला जेवताना पाहिलं होतं. त्याच्या कानशिलावर वाळलेला चिखल होता, आणि भाकरी मोडणारी बोटं थरथरत नव्हती. धनेशला वाटलं, हे चांगलंच तर आहे. म्हातारा सुखी आहे. आपण त्याला सुखी केलं. हा विचार त्याने इतक्यांदा केला की शेवटी तो खरा वाटू लागला, आणि मग त्याबद्दलही काही वाटेनासं झालं.

तो घरी पोचला तेव्हा रामू तयार होऊन बसला होता. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, दाढी गुळगुळीत. “सरकारची मानसं येतात ना बांध बघाला?” तो म्हणाला. “मागे पन येत. तवा साहेब होता एक, चष्मेवाला. मानकराच्या पोरीचं लगीन झालं त्या सालची खांड आमी बुजवली, तं तो येऊन बोलला, शाब्बास. दगड दिले त्यानं. तीन होड्या दगड.” रामूला असंच आठवायचं. साल विचारलं तर तो लग्न सांगायचा, आणि लग्न विचारलं तर कुणाच्या वरातीत पाऊस आला होता तेही सांगायचा. गावात कुणाच्या हद्दीवरून भांडण लागलं की लोक अजून त्यालाच विचारायला येत. धनेश म्हणाला, “बाबा, तसं नाय. ते झाडांसाठी येतात. तिवरासाठी.” “येऊ दे,” रामू म्हणाला. “तिवर सुकला, बघतील. दोन पावसाल्यांत मीठ उतरंल. मंग भात.” त्याने ‘भात’ हा शब्द असा उच्चारला की कमळी दारातून हसली. सांगायचं ते हेच सांगायला हवं होतं, आता, इथे, की बाबा, भात नाही. भातासाठी नव्हतंच ते. धनेशने तोंड उघडलं आणि हेल्मेट कुठे आहे म्हणून विचारलं.

मागच्या सीटवर बाप, हवेत भट्टी. वैशाखात खाडीकडचा वारा सुटेपर्यंत या रस्त्यावर सावली मिळते ती फक्त उभ्या कंटेनरांची. रामूने एक हात धनेशच्या खांद्यावर ठेवला होता. तो हात जड होता आणि त्याची ऊब शर्टातून आत येत होती. धनेशला वाटलं, की लहानपणी मी ह्याच्या खांद्यावर बसून या वाटेने गेलोय, तेव्हा तिथे रस्ता नव्हता, पाण्याची चिंचोळी वल होती, आणि हा मला सांगायचा की खाली बघू नको, लांब बघ. आठवण आली आणि कंटेनरसारखी शेजारून निघून गेली. कच्चा रस्ता संपला तिथे वनविभागाची जीप उभी होती. पुढे बांधावरून चालत जायचं होतं. एका बाजूला खाडी, तिच्या काठची तिवरं हिरवीगार, गच्च. दुसऱ्या बाजूला रामूची दीड एकर. धनेश हिवाळ्यापासून इकडे फिरकला नव्हता. पानं पिवळी नव्हती राहिली आता, करडी झाली होती, पुष्कळशी गळून भेगाळलेल्या चिखलावर पडली होती. फांद्यांत एकही पक्षी नव्हता. खेकड्यांची बिळं कोरडी, तोंड उघडी. वास येत होता, कुजल्याचा नव्हे, बंद खोलीचा येतो तसा. झाडं मेली की आवाज होत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि आत काही सरकतंय का याची पुन्हा एकदा वाट बघितली.

सुहासिनी मॅडम उघाडीशीच उभ्या होत्या. पंचवीस-सव्वीसची मुलगी, खाकी गणवेश, चिखलाने भरलेले बूट, उन्हाने नाक सोललेलं. सोबत दोन मजूर, गावचा पोलीसपाटील आणि पंच म्हणून आणलेला आणखी एक माणूस. त्या उघाडीकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत होत्या, आणि धनेशनेही बघितलं. नव्या सागवानी फळीवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. वर वाळलेला झेंडूचा हार. पायथ्याशी नारळाची करवंटी, विझलेली पणती, आणि चिखलात अगरबत्त्यांच्या काड्यांची रांग. “मी तीन वर्षं या नोकरीत आहे,” त्या म्हणाल्या. “रात्रीतून भराव टाकून पळालेले पाहिलेत. गुन्हा करून पूजा घातलेली पहिल्यांदा बघतेय.” पोलीसपाटील ओशाळून हसला. आपल्याला हे सांगितलं नव्हतं, धनेशच्या मनात आलं. मग आठवलं, सांगितलं होतं. कमळीने एका संध्याकाळी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता आणि तो कशाचा हे न विचारता त्याने फोनवर बोलता बोलता तो खाल्ला होता.

“आजोबा, हे कुणी केलं?” मॅडमनी विचारलं.

“कोनी म्हंजे?” रामू म्हणाला. “मी. मी न् माझ्या बायकोनं.” आणि कुणी पुढे काही विचारण्याआधीच तो खाली वाकला, फळीच्या कडेला बोट घालून दाखवू लागला. “ही बघ बाय, इथं फट रयली नाय पायजे. खालून पानी घुसतं. आजकालची पोरं सिमीट घालतात. सिमीट दोन उधानं टिकत नाय. पेंढा पायजे, न् चिखल खाडीचाच पायजे, वरचा नाय चालत.” त्याचा आवाज तरुण झाला होता. मजूर माना हलवत ऐकत होते. मॅडमनी त्याला थांबवलं नाही, बोलणं संपू दिलं, आणि मग सावकाश म्हणाल्या, “आजोबा, काम चांगलंय. पण पाणी तुटलं म्हणून ही सगळी झाडं मेली. याला शिक्षा आहे.”

“बांध बांधला म्हनून?”

“हो.”

रामूने तिच्याकडे आणि मग पोलीसपाटलाकडे बघितलं, थट्टा चालली आहे की काय ते अजमावायला. “माझ्या आज्यानं बांधला,” तो म्हणाला. “बापानं बांधला. न बांधनाऱ्याला गाव नावं ठेवत होता.”

“तेव्हाचं वेगळं होतं,” मॅडम म्हणाल्या, आणि आपलंच वाक्य आपल्याला आवडलं नाही अशा त्या क्षणभर थांबल्या. मग वही गुडघ्यावर घेऊन त्यांनी खरा प्रश्न विचारला. “इतकी वर्षं बांध फुटलेला होता, आजोबा. तुम्ही इकडे येतही नव्हता म्हणतात. मग याच साली कसं सुचलं? कुणी सांगितलं तुम्हाला?”

धनेशला कल्पेशचं वाक्य आठवलं, सांगून करून घेणारा वेगळा. मग आठवलं गोडाऊन, मालक, जागृती, हप्ते. सगळं आठवलं, पण अक्षरं ओळीने वाचावीत तसं. रामू उभा राहिला. त्याने गुडघ्यावरचा चिखल झटकला आणि धनेशच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे केला, शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराला पुढे करावा तसा. “यानं,” तो म्हणाला. “माझा पोरगा. गावात कोनाला बांधाची याद रयली नाय, सगले गोडाऊनात. पन याला ध्यान होता. रोज कामाला जातो, तरी ध्यान होता. मना येऊन बोलला, बाबा, उघाडीची फली गेली. मी बोललो, घरचा मानूस हाय अजून बांधाला.” त्याचे डोळे भरले होते. एवढे दिवस बापाने हे मनात ठेवलं होतं, आपल्या पोराबद्दल असा अभिमान कुणापुढे तरी सांगायची संधी तो शोधत होता, हे धनेशला तेव्हा कळलं.

मॅडम आता धनेशकडे बघत होत्या. पोलीसपाटील बघत होता. वारा सुटला होता आणि खाडीकडची हिरवी तिवरं हलत होती, अलीकडची हलत होती पण त्यांचा आवाज निराळा, कागदासारखा.

“बाबांना हल्ली आठवत नाही, मॅडम,” धनेश म्हणाला.

आवाज अगदी साधा आला, गोडाऊनमधला. “वय झालंय. काहीही बोलतात. मागचं-पुढचं मिसळतं. मी कामावर असतो, घरातून कधी निघून जातात कळतही नाही.” वाक्यं एकामागून एक येत होती, खोकी उतरावीत तशी, आणि प्रत्येक वाक्य नीट रचलेलं होतं. पाठीवरचा हात अजून तिथेच होता. तो काढून घेतला गेला नाही. फक्त हळूहळू त्याचं वजन कमी झालं, आणि मग तो तिथे नव्हता.

पोलीसपाटलाने खाली बघितलं. त्याच्याच हद्दीचं भांडण दोन महिन्यांपूर्वी रामूने मिटवलं होतं. पण तोही गावचा माणूस. तो खोकला आणि गप्प राहिला. मॅडम मात्र या गावाला नवख्या होत्या, त्यांना खात्री करून घ्यायची होती. त्या रामूसमोर आल्या आणि वर्गात मुलाला विचारावं तशा मऊपणे म्हणाल्या, “आजोबा, आज वार कोणता?”

रामूने वर पाहिलं. वार तर त्याला ठाऊक होताच. तिथी ठाऊक होती, भरती कुठवर चढली आहे हे त्याला खाडीकडे पाठ करून उभं राहूनही सांगता आलं असतं. त्याने मुलीकडे बघितलं नाही. तो धनेशकडे बघत होता, रागाने नाही, दुखावूनही नाही. खांड पडलेल्या बांधाकडे तो बघायचा तसा, काय लागेल, किती लागेल, याचा हिशोब करत. धनेशने नजर खाली घेतली. तेवढ्यात रामूचा हिशोब झाला.

“मना नाय आठवत,” तो म्हणाला.

“आणि आजोबा, हे तुमच्यासोबत आलेत ते कोण?”

“पोरगा हाय,” रामू म्हणाला, आणि जरा थांबून, “बरोबर बोलतो तो. मना नाय आठवत काय. मीच केला, माझ्याच डोक्यानं. याला नका इचारू.”

मॅडमनी लिहून घेतलं. वय, विस्मरण, हेतू दिसून येत नाही. अडथळा काढून नैसर्गिक प्रवाह सुरू करण्यात आला. त्या वाईट बाई नव्हत्या. जाताना त्यांनी धनेशला बाजूला घेऊन वसईतल्या एका चांगल्या डॉक्टरांचं नावही सांगितलं; त्यांच्या आजोबांचंही असंच झालं होतं म्हणे. मजुरांनी फळी उपटायला पहार लावली. ती सहजी निघेना. दोघांनी जोर केला, तिसरा म्हणून पंचाला बोलावलं, शिवी हासडली, आणि त्यांच्यातला एक जण कौतुकाने म्हणाला, “काय बसवलीय राव.” रामू पाठ फिरवून स्कूटरच्या दिशेने चालायला लागला होता. त्याच्या मागे पाणी आत शिरल्याचा आवाज आला.

घरी कमळी ओट्यावर वाट बघत उभी होती. “काय बोलली सरकारची मानसं?” तिने विचारलं. “आवडला का बांध?” रामूने टोपी काढून खुंटीला लावली, पाण्याचा तांब्या घेतला, चूळ भरली. “कोनचा बांध?” तो म्हणाला.

कमळी हसली. मग तो हसत नाही असं बघून तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. ती धनेशकडे वळली. “काय बोलतो रं हा?” आणि इथे, आईपुढे तरी, आता वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. धनेशला ते वाक्य दिसत होतं, पलीकडच्या फलाटावर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसासारखं. रामू तांब्या हातात धरून थांबला होता. तोही वाट बघत असावा.

“उन्हातून आलेत, आये,” धनेश म्हणाला. “होतं असं. या वयात होतं.”

रात्री कल्पेशचा फोन आला. “मानला तुला,” तो म्हणाला. “काय डोकं लावलंस.” जमिनीचं बघू, घाई नाही, असंही म्हणाला. धनेश जेवला, झोपला, सकाळी कामावर गेला. त्या दिवसापासून कमळी रामूला एकट्याला उंबऱ्याबाहेर पाठवीनाशी झाली. कुदळ तिने माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्याकडे देऊन आली. हद्दीची भांडणं घेऊन लोक यायचे ते आताशा धनेशकडे विचारायचे, “बाबा कसे आहेत?” आणि ओट्यावर बसलेल्या रामूशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायचे. तो मान डोलवायचा. जेवलो का मी, असंही तो अधूनमधून विचारू लागला. खरंच विचारतो की कसं, हे धनेशला ओळखता येईना, आणि ओळखायचं झालं तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं.

एका रविवारी जागृतीने वहीचं पान फाडून त्यावर रामूचं नाव, घराचा पत्ता आणि खाली धनेशचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिला, पानाची घडी केली, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवून वरून सेफ्टी पिन लावली. “हरवलात तर कुणालाही दाखवायचं हं, बाबा,” ती म्हणाली. रामूने छाती जराशी पुढे करून तिला पिन नीट लावू दिली.